काही न मागणारी मुलं

पालकसभा संपत आली की आयाबाया एकेक करून टेबलाशी येतात. आधी गुणांचं बोलतात, मग अक्षराचं, आणि निघता निघता पदर सावरत सांगतात, "बाकी आमची पोर भारी समजूतदार हाय, बाई. कशाला म्हंजे कशाला हट्ट नाय तिचा." उरणमध्ये मी तीसेक वर्षं शिकवलं. त्यातली निम्मी वर्षं तरी हे वाक्य ऐकून मला बरंच वाटायचं. "नशीब लागतं हो अशी लेकरं मिळायला," असं म्हणून मी पुढच्या पालकांकडे वळायचे. आज तुमच्याशी बोलायला बसले आहे ती त्या निम्म्या वर्षांची थोडी भरपाई म्हणून.

एका मुलीमुळे माझे डोळे उघडले. नववीत होती, कोळीवाड्यातली. शाळेची सहल जाणार होती, तिची चिठ्ठी सगळ्यांना दिली होती. हिने ती घरी दाखवलीच नाही. मला म्हणाली, "बाई, मला गाडी लागते." होरीत उभी राहून भाकरी खाणारी पोर, तिला एसटी लागते! मी हसले आणि विषय सोडून दिला. मग तिच्या पोटात दुखायला लागलं, तेही नेमकं शाळेच्या वेळेला. जानेवारीत गणिताच्या पेपराला बसली आणि अर्ध्या तासात हाताला मुंग्या, ओठ कोरडे, श्वास पुरेना. दवाखान्यात नेलं. छाती नीट, रक्त नीट, साखर नीट. घरी कुणी म्हणालं बाहेरचं आहे, मग नारळ उतरवला, मीठ-मोहऱ्या झाल्या. पोर तशीच. तिची आजी बाजारात म्हावरा विकायला बसायची. तिने मला पाटीवरूनच सांगितलं, "बाहेरचं कायपन नाय गो बाय. पोरीनं धसका घेतलाय. कशाचा त्ये सांगत नाय."

दवाखाना आणि देवऋषी दोघांना जे जमलं नाही, ते म्हातारीने एका शब्दात सांगितलं होतं.

हा शब्द मला फार आवडतो. धसका आपण 'घेतो'. तो सर्दीसारखा होत नाही, कुणी हातात देतही नाही. समोर काहीतरी घडतं, बोललं जातं, आणि माणूस ते आत घेऊन ठेवतो. मेक्सिकोतल्या खेड्यांत यालाच 'सुस्तो' म्हणतात. माणूस एकदम दचकला की त्याचा जीव अंगातून निघून जातो, मग तो खात नाही, झोपत नाही, वाळत जातो, असं तिथले लोक मानतात. रोजच्या काळजीने आलेल्या अस्वस्थपणाला त्यांचा आणखी एक शब्द आहे, 'नेर्व्हिओस'. मक्याची शेतं, कमी पाऊस, बाप मजुरीला सीमेपलीकडे अमेरिकेत, घरी आई, आजी आणि चार पोरं. त्या पोरांच्या छातीत जे धडधडतं आणि आपल्याकडे उरणच्या करंजा-मोऱ्याच्या पोरांच्या छातीत जे धडधडतं, त्यात फार फरक नसावा.

आता त्या मुलीचा धसका. तो मी विचारून कळला नाही. समोर बसवून "काय झालं सांग बघू" म्हटलं की या वयाची मुलं शिंपल्यासारखी मिटतात. तिला मी वाचनालयाच्या पुस्तकांना नंबर घालायच्या कामाला घेतलं. दोघी शेजारी शेजारी, दोघींच्या माना खाली, हाताला काम. तिसऱ्या आठवड्यात ती आपणहून बोलली.

तिचा बापूस डोलीची मासेमारी करायचा. कोळीवाड्यातल्या लोकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. डोलीचं जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला ओढ जोराची, तेव्हा जाळं भरतं. अष्टमीच्या आसपास भांग लागतो, पाण्याला ओढ राहत नाही, जाळं रिकामं लोंबतं. भांगाचे दिवस म्हणजे उधारीचे दिवस. अशाच एका भांगाच्या रात्री, डिझेलची उधारी मागायला माणूस येऊन गेल्यावर, बापूस बायकोला म्हणाला, "याच्या तोंडाला तोंड देन्यापरीस समुद्रातच रावतो. परत येतच नाय." एवढंच. बायकोने भांडी आवरता आवरता ऐकलं न ऐकलं. दहा मिनिटांत तो घोरायला लागला.

पडद्यापलीकडे पोर जागी होती. ती पुढे चार महिने जागी राहिली. बापूस रात्री भरतीच्या वेळेला निघाला की हिची झोप उडायची. पहाटे पायरीवर ओले पाय वाजले की मग डोळा लागायचा, आणि तासाभरात शाळेला उठायचं. सहलीचे पैसे मागितले तर बापूस आणखी वैतागेल, आणि वैतागला तर परत येणार नाही, असा तिचा हिशोब होता. गणितात नापास होणाऱ्या पोरीने घरचं गणित असं मांडलं होतं.

बापाला मी शाळेत बोलावलं. त्याला ते वाक्य आठवेचना. खूप वेळाने म्हणाला, "असं मी बोललो असन बाई. रागात मानूस काय बी बोलतो. मी तर कवाचा इसरलो."

आपण बोलून मोकळे होतो आणि मूल ते घेऊन बसतं. या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं मला हेच वाटतं. बाप वाईट नव्हता, आई बेफिकीर नव्हती, घरात मारझोड नव्हती. तंगी होती, तीही कायमची नाही, भांगासारखी येणारी-जाणारी. पण ती कधी येते, कधी जाते, तिच्यावर आपण काय करतो, हे त्या मुलीला कुणी सांगितलं नव्हतं. तिने ते भिंतीला कान लावून जमवलं होतं, आणि अर्धवट जमवलं होतं.

तुम्ही म्हणाल, तंगी काय फक्त कोळीवाड्यात असते? नाही. आणि उरणची तंगी ओळखायला अवघड आहे, कारण ती बरेचदा टाइल्सच्या घरात राहते. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली, जमिनी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला जमिनीच्या भावासाठी आंदोलन करणाऱ्यांवर गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मे झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक भांडले म्हणून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं तत्त्व पुढे आलं. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. आता अटल सेतू चिर्ल्याला उतरतो, २०२४ च्या जानेवारीपासून रेल्वे उरणपर्यंत येते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, या लोकांना काय कमी? भूखंड, बंगला, दारात गाडी. आतली गोष्ट तुम्हाला माहीत आहे. भूखंड विकला गेला, पैसे भावाभावांत वाटले गेले, एका हळदीत आणि एका लग्नात त्यातले निम्मे उडाले. गाडीचा हप्ता चालू आहे. बंदराच्या कंटेनर यार्डातली नोकरी ठेकेदाराकडची, ठेका बदलला की माणूस घरी. शेत नाही, खाजण नाही, मिठागर नाही. आजोबांकडे पैसा नव्हता, पण भात घरचा होता. नातवाकडे फोन आहे आणि तांदूळ दुकानातला.

मच्छीमारांचं आणखी वेगळं. बंदराच्या भरावाने खाडीतला मासा गेला, ही त्यांची तक्रार राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली. २०१५ च्या फेब्रुवारीत लवादाने १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटींहून अधिक भरपाई द्यायचा आदेश दिला. त्या वर्षी वर्गात मुलं भागाकार करत होती. प्रत्येक घराला किती, याचा. मी फळ्यावर व्याज शिकवत होते आणि त्यांच्या वहीच्या मागच्या पानावर खरं गणित चाललं होतं. आदेशाचा कागद आणि घरातला डबा यांच्यात किती अंतर असतं, तेही ती मुलं आमच्यापेक्षा लवकर शिकली.

एका मुलाची गोष्ट या तंगीचीच, बंगल्यातली. दहावीतला मुलगा, हसरा, कबड्डीत पुढे. एकाएकी मारामाऱ्या करायला लागला. वडील यार्डात कामाला. रोज सकाळी डबा घेऊन, गणवेश घालून निघायचे. एक दिवस शाळा लवकर सुटली म्हणून पोरं पीरवाडीच्या किनाऱ्यावर गेली, तर याला खडकाच्या आडोशाला वडील दिसले. एकटे बसून डबा खात होते. ठेका सुटून दीड महिना झाला होता. घरी सांगायचं धाडस नव्हतं म्हणून ते रोज तिथे येऊन बसायचे. मुलगा आल्या पावली मागे फिरला. घरी आईला बोलला नाही. वडिलांनाही कळू दिलं नाही. रोज सकाळी आई डबा भरायची, वडील निघायचे, मुलगा बघायचा. आणि मधल्या सुट्टीत कुणी साधा धक्का मारला तरी हा तुटून पडायचा.

या बापाला मी नावं ठेवणार नाही. बायकोपोरांना काळजी नको म्हणूनच त्याने हे केलं. पण त्याने ज्या काळजीपासून पोराला वाचवलं, तिच्यापेक्षा मोठी काळजी पोराने एकट्याने वाहिली. कारण आता त्याला दोन गुपितं सांभाळायची होती, बापाचं आणि स्वतःचं.

अमेरिकेत आयोवा नावाचं शेतीचं राज्य आहे. १९८० च्या दशकात तिथल्या जमिनीचे भाव कोसळले, कर्जं थकली, पिढ्यान्पिढ्यांची शेतं बँकांनी लिलावात काढली. रँड काँगर आणि ग्लेन एल्डर या अभ्यासकांनी तिथल्या खेड्यांतल्या ४५१ कुटुंबांचा १९८९ पासून मागोवा घेतला. सातवीतली मुलं, त्यांचे आईबाप, भावंडं. त्यांना असं दिसलं की पैशाची ओढाताण मुलांपर्यंत सरळ पोचत नाही, ती आईबापांमधून पोचते. आधी आईबाप खचतात, चिडचिडे होतात, एकमेकांवर ओरडतात, मग मुलांशी तुटक वागतात, आणि तिथून मुलं बिघडायला लागतात. जिथे आईबाप एकमेकांना धरून राहिले, तिथे तीच तंगी मुलांना कमी लागली. मला हे वाचून हसू आलं होतं. एवढा खर्च करून त्यांनी जे काढलं ते आपल्या आज्या एका वाक्यात सांगत. पण बरं झालं काढलं, कारण आज्यांचं आपण ऐकत नाही.

मेक्सिकोतलीच आणखी एक गोष्ट सांगते. तिथल्या सरकारने १९९७ पासून खेड्यातल्या गरीब घरांत, आईच्या हातात, थेट पैसे द्यायला सुरुवात केली. अट एवढीच की पोरांना शाळेत पाठवायचं आणि दवाखान्यात तपासून घ्यायचं. पुढे अभ्यासकांनी त्या घरांतल्या दोन ते सहा वर्षांच्या मुलांची लाळ तपासली. ताण वाढला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य वाढतं, ते लाळेत सापडतं. पैसे मिळणाऱ्या घरांत ते कमी होतं, आणि ज्या आया फार खचलेल्या होत्या त्यांच्या मुलांमध्ये फरक जास्त ठळक होता. ज्या लेकरांना मनातलं अजून नीट सांगता येत नाही, त्यांच्या थुंकीत आईची काळजी उतरते. मग चौदा वर्षांच्या पोराला काही कळत नाही, असं आपण कुठल्या तोंडाने म्हणतो?

तर कळतं. प्रश्न एवढाच, आपल्याकडून कळणार की भिंतीकडून.

यावर पालक मला विचारतात, "म्हणजे काय बाई, सगळं कर्ज पोरांपुढे मांडायचं?" नाही, तसंही नाही. एका घरात आई मुलीला मैत्रीण समजून सगळं सांगायची. बापाने किती उधळले, सासूने काय केलं, गळ्यातलं कुठे गहाण आहे. मुलगी सातवीत. ती आईची समजूत घालायची, बापाला वेळेवर घरी यायला फोन करायची, धाकट्याचा अभ्यास घ्यायची. सगळं गाव कौतुक करायचं. मला ती पंचेचाळीस वर्षांची बाई वाटायची. आणखी एक वाक्य आहे, ते आपण मयताच्या घरी हमखास बोलतो. बाप गेलेला असतो, चौदा वर्षांचं पोर कोपऱ्यात उभं असतं, आणि काका, मामा, शेजारी, जो येईल तो त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "आता रडायचं नाय. घराचा कर्ता तूच." अहो, चौदाव्या वर्षी? त्याला अजून मिशी फुटलेली नाही. त्याला रडू तरी द्या.

सांगायचं ते मोजकं, खरं आणि वेळेवर. मी त्या डोलीवाल्या बापाला सांगितलं होतं, घरी जाऊन असं बोला: "या भांगाला मासळी नाय गावली. डिझेलची उधारी झालीय. उधाणाला भागवू, नायतर सोसायटीत जाऊन मी आणि आई बोलू. तुझी फी भरलेली हाय. आनि मी रागात बोललो ते खरं नव्हतं, मी रोज घरी येनार." तो म्हणाला, "येवढं सगलं?" मी म्हटलं, येवढंच. बघा, यात काय झालं ते आहे, आपण काय करणार ते आहे. आणि पोराच्या मनात जो प्रश्न कायम असतो पण जो ते कधी विचारत नाही, माझं काय होणार, त्याचं उत्तर आहे. सावकाराचं नाव, व्याजाचा दर, बायकोशी झालेलं भांडण, यातलं काही त्यात नाही. ते मोठ्यांचं ओझं, मोठ्यांकडेच राहू दे.

पैसे नसतील तर नाही म्हणा. "सहल या वर्षी जमणार नाही" हे ऐकून पोर एक संध्याकाळ रुसेल. पण त्याने मागितलं आणि तुम्ही नाही म्हणालात, यात त्याला एक कळतं की मागता येतं. न मागणाऱ्या मुलाला तेवढंही माहीत नसतं.

उलट बाजूचीही एक आठवण आहे. २०१९ च्या ३ सप्टेंबरला सकाळी उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात आग लागली. चार जण गेले. आवाज, धूर, लोक पोरंबाळं घेऊन पळाले. मला वाटलं, आता मुलं महिनोन्महिने दचकत राहणार. काही दचकलीही. पण बहुतेक लवकर सावरली, कारण त्या आगीबद्दल सगळं गाव बोलत होतं. नाक्यावर, नळावर, रिक्षात. लहान मुलांनी तिची चित्रं काढली, मोठ्यांनी कोण कुठे पळालं याच्या गोष्टी केल्या. एवढ्या मोठ्या आगीचा धसका बोलून बोलून विरला. आणि त्याच वर्गात डिझेलच्या उधारीचा धसका घेऊन एखादं पोर बसलेलं असतं, कारण उधारीबद्दल नाक्यावर कुणी बोलत नाही.

आता कणखरपणाबद्दल. हल्ली या शब्दाचं फार कौतुक चाललंय आणि मला त्याची थोडी भीती वाटते. "आम्ही काय कमी सोसलं? आम्हाला कुठे झालं टेन्शन?" असं पालक म्हणतात. तुम्ही सोसलंत, खरं आहे. पण तुमच्या वेळी आळीत पन्नास घरं सारखीच गरीब होती, आणि शेजारच्या घरात पंगतीला बसता येत होतं. आज शेजारच्या घरात नवी गाडी आहे आणि ती फोनवर दिसते.

हवाई बेटांत काउआई नावाचं लहानसं बेट आहे, ऊस-अननसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या मजुरांचं. १९५५ साली तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीस वर्षांचे होईपर्यंत माग ठेवला. त्यातली एक तृतीयांश मुलं गरिबी, दारू, घरातली भांडणं, आजारपण अशा सगळ्यांत वाढली. आणि त्यांतलीही एक तृतीयांश चांगली, कामाची, मायाळू माणसं झाली. कशामुळे? वर्नरबाईंनी बऱ्याच गोष्टी नोंदवल्या, त्यातल्या दोन मी धरून ठेवल्या आहेत. या मुलांना कुणीतरी एक पक्कं माणूस होतं. आईबाप नसतील तर आजी, मावशी, शेजारीण, एखादी शिक्षिका. रोज तिथेच असणारं, न बदलणारं. आणि दुसरी, या मुलांवर घरातलं काही काम सोपवलेलं होतं, ज्याची घराला खरोखर गरज होती.

म्हणून मी कामाच्या विरोधात नाही. पोरीने आईबरोबर बाजारात बसावं, करंदी सोलावी, पोराने जाळं विणायला हात लावावा, यात मूल मोडत नाही, उलट त्याला कणा येतो. पण ते काम संपलं पाहिजे आणि कुणीतरी "बरं झालं तू होतास" म्हणायला पाहिजे. ज्या कामाला शेवट नाही ते काम वेगळं. आपल्याच तालुक्यातल्या कातकरी वाड्यांवरची मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाला परत येतात, तोवर वर्गातलं वर्ष गेलेलं असतं. त्यांना कुणी "केवढी काटक पोरं" म्हटलं की माझं डोकं फिरतं. बारा वर्षांच्या पोराला विटा वाहायला लागतात, आणि त्याला आपण कणखर म्हणतो, कारण तसं म्हटलं की आपल्याला काही करावं लागत नाही.

पक्कं माणूस आजीही असू शकते, म्हटलं. त्याला जोडून आणखी एक. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातले मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिव्हुश यांनी मुलांना वीस साधे प्रश्न विचारले. तुमचे आजी-आजोबा कुठे वाढले? आईबाप कसे भेटले? घराण्यात कुठलं संकट येऊन गेलं? ज्या मुलांना घरच्या गोष्टी जास्त माहीत होत्या, त्यांची मनं जास्त स्थिर होती. आणि त्यातही "आम्ही वर चढलो, मग पडलो, मग परत उभे राहिलो" अशा गोष्टी ऐकलेली मुलं अधिक घट्ट निघाली. उरणच्या घरांत अशा गोष्टींना काय तोटा? १९३० च्या चिरनेरच्या जंगल सत्याग्रहातल्या गोळीबाराच्या गोष्टी आहेत. चौऱ्याऐंशीच्या आंदोलनात कोण लाठ्या खाऊन आलं, कोण तुरुंगात बसलं, ते आहे. बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला आणि लोक हनुमान कोळीवाड्यात आले, तिथे घरांना वाळवी लागली, ती चिवट माणसं तिथेही संसार करत राहिली, ते आहे. पण आपण या गोष्टी हुतात्मा दिनाच्या भाषणांपुरत्या ठेवल्या. जेवताना सांगत नाही. "तुझ्या आज्याची होरी बुडली होती, मग त्याने दोन वर्षं दुसऱ्याच्या होरीवर खलाशी म्हणून काम केलं, मग नवी बांधली", एवढं सांगितलं की पोराला कळतं, हा भांग काही आपल्या घराण्यातला पहिला नाही.

कधी मात्र आपलं बोलणं पुरत नाही. महिनाभर झोप नीट नाही, जेवण तुटलं, आवडीचा खेळ सोडला, सारखं डोकं किंवा पोट दुखतं आणि तपासण्या नीट येतात, हातावर ओरखडे दिसतात, "मी नसलो तर बरं" असलं काही बोलतं, तर "वयच तसं आहे" म्हणून सोडू नका. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयाच्या मुलांत ७.३ टक्क्यांना उपचारांची गरज असावी इतका मानसिक त्रास दिसला होता. साठ मुलांच्या वर्गात चार. मी तीस वर्षांत त्या चारांतल्या किती जणांना खिडकीबाहेर बघतो म्हणून उभं केलं असेल, कोण जाणे. जीव द्यायचे विचार येतात का, हे मुलाला सरळ विचारा. विचारल्याने ते विचार डोक्यात घुसत नाहीत, असतील तर बाहेर येतात. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतात. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. मुलांसाठी १०९८ आहे. नारळ उतरवायचा असेल तर उतरवा, माझं काही म्हणणं नाही, पण त्याच दिवशी फोनही करा.

आणि एक बारीकसं, त्या मुलीला मी शिकवलेलं. छातीत धडधडायला लागलं, श्वास पुरेना झाला की आपण जोरजोरात श्वास घेतो, त्याने मुंग्या आणखी वाढतात. श्वास सोडायला जास्त वेळ द्यायचा. घेताना तीन मोजायचे, सोडताना सहा. तिला मी म्हटलं, जाळं पाण्यात टाकताना बापूस कसा हळू सोडतो दोर, तसा सोड. तिला ते लगेच जमलं.

तिचा बापूस घरी जाऊन बोलला की नाही, मला बरेच दिवस कळलं नाही. त्या पीरवाडीच्या मुलाच्या वडिलांनी शेवटी बायकोला सांगितलं, तिने तासभर भांडून मग भावाला फोन लावला, आता ते एका गोदामात रात्रपाळी करतात. मुलगा कबड्डी खेळतो. मारामाऱ्या थोड्या अजून आहेत.

कोळीवाड्यातल्या त्या मुलीची आई मला पावसाळ्याच्या तोंडाला, मासेमारी बंद व्हायच्या आदल्या आठवड्यात बाजारात भेटली. पाटीपुढे उभी होते तर तक्रारच सुरू. "बाई, तुमी पोरीला काय शिकवलं? पयले कशाला म्हनून तोंड उघडत नव्हती. आता बूट पायजेत, नवीन दप्तर पायजे. नाय म्हटलं तं दोन दिस फुगून बसते. आनि झोपते किती! काल रातचा बापूस आला, दार वाजवून वाजवून हात दुखले त्याचे, ही ढाराढूर. शेवटी मीच उठले."

मी बोंबिलाचा भाव विचारला. तिने तोंडाने भाव सांगितला आणि हाताने दोन जास्तीचे टाकले.